नॅशची पहिली चार वर्षं आणि एक जादा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या आजवरच्या श्रेष्ठ गार्ड (चेंडू खेळवत नेणाऱ्या) खेळाडूंचा तक्ता आला होता. क्रम कारकिर्दीच्या सरासरीवर लावलेला होता. त्यात स्टीव्ह नॅशला बराच खाली बसवून शेजारी शेरा मारला होता की, याची पहिली चार वर्षं वाया गेली. मी एकोणतीस वर्षं बास्केटबॉलच्या सामन्यांना टेबलावर बसून स्कोअरशीट भरली आहे. पोट त्यावर चाललं नाही, पण सवय हाडात भिनली. आकडा चुकला की मला राग येतो. आकडा बरोबर असून त्याचा अर्थ भलताच लावला, तर त्याहून जास्त येतो. आपल्या तक्त्यातला एकही आकडा चुकलेला नाही, आणि म्हणूनच हे पत्र.

ज्यांनी स्कोअरशीट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एक बारकावा सांगतो. खेळाडूच्या क्रमांकाशेजारी एक अरुंद रकाना असतो. सामना सुरू होताना जे पाच जण मैदानात उतरतात, त्यांच्या नावापुढे त्या रकान्यात फुली असते आणि त्या फुलीभोवती आम्ही वर्तुळ काढतो. बदली खेळाडू पहिल्यांदा आत आला की त्याच्यापुढे नुसती फुली. जो आतच आला नाही, त्याचा रकाना कोरा. एका सामन्यात शेवटची चाळीसेक सेकंदं उरली असताना एक मुलगा आत आला. चेंडू एकदाही त्याच्या हाताला लागला नाही. गडबडीत त्याची फुली मारायची माझ्याकडून राहून गेली. सामना संपल्यावर सगळे निघाले, तो तेवढा टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, माझी फुली राहिली." पंचांची सही व्हायची होती, म्हणून मारता आली. ती मारताना तो कागदाकडे ज्या नजरेनं बघत होता, ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी कुठलाही तक्ता वाचताना आधी हे बघतो की या माणसाच्या फुलीभोवती वर्तुळ कधीपासून आलं.

नॅशच्या बाबतीत ते कायमचं व्हायला फार उशीर लागला. १९९६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात, फीनिक्स सन्सनं त्याला पंधराव्या क्रमांकावर उचललं. सांता क्लारा या छोट्या कॉलेजातला, कॅनडात वाढलेला, अंगानं साधासाच मुलगा. फीनिक्सच्या प्रेक्षकांनी त्या रात्रीच नापसंतीचा आवाज काढला. संघात पॉइंट गार्डच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गार्डच्या, जागेवर केविन जॉन्सन होता. ते कमी होतं म्हणून की काय, पहिल्याच हंगामात डिसेंबरमध्ये डॅलसहून जेसन किड आला. एका खुर्चीवर दोन मातब्बर बसलेले, तिसऱ्यानं करायचं काय? सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, नॅशच्या वाट्याला सरासरी साडेदहा मिनिटं. सामन्यामागे गुण ३.३, असिस्ट (ज्या पासवर साथीदार गुण करतो तो) २.१. दुसऱ्या हंगामात जरा बरं, ९.१ आणि ३.४.

१९९८मध्ये फीनिक्सनं त्याला डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात जे मिळालं त्यात पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली एक निवडही होती. त्या निवडीतून फीनिक्सला पुढच्या वर्षी शॉन मॅरियन मिळाला, जो पुढे नॅशच्याच पासवर धावून धावून गुण करणार होता. अशा गोष्टी कुणी कथेत लिहिल्या तर आपण नाकं मुरडू.

डॅलसमधला पहिला हंगाम मालक-खेळाडूंच्या वादामुळे पन्नास सामन्यांवर आला होता. नॅशची पाठ दुखत होती, नेम लागत नव्हता, शंभरात छत्तीस फेकी जेमतेम आत जात होत्या. घरच्या मैदानावर घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. चौथ्या हंगामातही ८.६ गुण आणि ४.९ असिस्ट. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या वयात मायकेल जॉर्डननं लीगमध्ये सलग गुणांचे डोंगर रचले होते. आपल्या लेखकांनी 'वाया' हा शब्द इथवरच्या आकड्यांवर वापरला. तेवढ्यापुरता तो मला खटकत नाही.

खटकतं ते पुढचं गणित. सरासरी काढताना पूर्ण कारकीर्द भाजक होते. नॅशची अख्खी कारकीर्द १४.३ गुण आणि ८.५ असिस्टची. मी माझ्या वहीत पहिले चार हंगाम बाजूला काढले आणि उरलेल्याची सरासरी काढली. गुण सोळाच्या घरात गेले, असिस्ट साडेनऊच्या पुढे. खेळाडू तोच. सुरुवातीचे ते सव्वादोनशेहून जास्त सामने काढले, की तो तुमच्या तक्त्यात कितीतरी वर सरकतो.

यावर कुणी म्हणेल की वाईट वर्षं काढून टाकली तर सगळेच वर जातील. बरोबर आहे, आणि मी ती काढा असं म्हणतच नाही. माझं म्हणणं असं की, सरासरी एका प्रकारच्या माणसाला फार कडक शिक्षा करते आणि दुसऱ्याला मोकळा सोडते. त्या दुसऱ्याचं उदाहरण म्हणजे डेव्हिड रॉबिन्सन.

रॉबिन्सन गार्ड नव्हे, सेंटर, म्हणजे टोपलीजवळ खेळणारा उंच खेळाडू, पण मुद्दा तोच. सॅन अँटोनियो स्पर्सनं त्याला १९८७मध्ये सर्वांत पहिला निवडला. तो नौदल अकादमीतला, त्यामुळे आधी नोकरी. दोन वर्षं गणवेशात काढून १९८९मध्ये चोविसाव्या वर्षी तो लीगमध्ये उतरला आणि उतरल्या उतरल्या २४.३ गुण आणि बारा रिबाउंडची (हुकलेल्या फेकीचे पकडलेले चेंडू) सरासरी दिली. आदल्या हंगामात २१ सामने जिंकलेल्या संघानं ५६ जिंकले. त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं एनबीएच्या हिशोबातून गेली, पण ती भाजकात आलीच नाहीत. २१.१ची सरासरी स्वच्छ राहिली. एकूण गुण २०,७९० वर थांबले, ते मात्र त्या दोन वर्षांमुळे आणि पुढच्या दुखापतींमुळे कमी दिसतात. म्हणजे उशिरा आलेल्या माणसाची बेरीज मारली जाते आणि सरासरी वाचते. वेळेवर येऊन बाकावर बसलेल्याची सरासरी मारली जाते. दोघांनाही वीस-बावीस-चोवीस या वयांत मैदान मिळालेलं नसतं. फरक इतकाच, की एकाची स्कोअरशीटच नव्हती आणि दुसऱ्याच्या स्कोअरशीटवर वर्तुळ नसलेली फुली होती.

आपण निव्वळ सरासरीवर क्रम लावलात, म्हणजे नकळत असं ठरवलंत की बाकावर बसण्यापेक्षा घरी बसणं बरं.

कॉनी हॉकिन्सचं तर याहून टोकाचं. १९६१मध्ये तो आयोवा विद्यापीठात नवखा विद्यार्थी होता. सामन्यांवरच्या जुगाराच्या एका प्रकरणात त्याचं नाव आलं. त्याच्यावर कधी गुन्हा दाखल झाला नाही, पण कॉलेज सुटलं आणि एनबीएनं दार लावून घेतलं. मग तो दुसऱ्या लीगमधून खेळला, हार्लेम ग्लोबट्रॉटर्ससोबत करमणुकीचे सामने खेळत फिरला, आणि एबीए या एनबीएच्या नव्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये पहिल्याच हंगामात, १९६७-६८मध्ये, पिट्सबर्गला विजेतेपद मिळवून देऊन सर्वोत्तम खेळाडूही ठरला. एनबीएविरुद्धचा त्याचा दावा १९६९मध्ये तडजोडीनं मिटला आणि तो फीनिक्सकडून उतरला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पहिल्या हंगामात २४.६ गुण, आणि लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात निवड. त्यानंतर गुडघे गेले. त्याची एनबीएतली सरासरी आज १६.५ दिसते. ती वाचून कुणाला काय कळणार? स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेमनं त्याला १९९२मध्ये घेतलं, ते या सोळा-साडेसोळाकडे बघून नक्कीच नाही.

आमच्या घरात या विषयावर नेहमी वाद होतो. माझा पुतण्या सगळं एका वाक्यात संपवतो. "काका, शेवटी रिंग किती?" रिंग म्हणजे विजेत्यांना मिळणारी अंगठी, थोडक्यात विजेतेपदं. नॅशची शून्य. विजेतेपद सोडा, तो अंतिम फेरीतही कधी पोचला नाही. २००३, २००५, २००६ आणि २०१० अशा चारही वेळी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर त्याचा संघ थांबला. पुतण्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हळू सुरुवातीची खरी किंमत इथेच वसूल होते. ज्याला वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापासून मैदान मिळतं, त्याला विजेतेपदासाठी बारा-तेरा वर्षांची खिडकी मिळते. नॅशला आठ-नऊ मिळाली. त्याची पहिली ऑल-स्टार निवड (लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठीची) २००२ची, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी.

आणखी एक किंमत आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. २००४च्या उन्हाळ्यात नॅशचा करार संपला तेव्हा तो तिशीचा होता. फीनिक्सनं मोठा करार पुढे केला. डॅलसचा मालक मार्क क्युबननं वय आणि पाठ बघून तेवढी तयारी दाखवली नाही. त्याच्या जागी मी असतो तरी कदाचित हेच केलं असतं, कारण कागदावर तीस वर्षांचा गार्ड म्हणजे उताराला लागलेला माणूस. पण नॅश कागदावर तीस होता, सुरुवातीच्या पाचांत सलग खेळण्याच्या हिशोबानं जेमतेम चार वर्षांचा. पाय फारसे झिजलेले नव्हते आणि खेळ नुकता पिकला होता. फीनिक्सनं आदल्या वर्षी २९ सामने जिंकले होते. नॅश आला आणि ६२ जिंकले. २००५ आणि २००६, सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २००७चा मान डॅलसमधल्या त्याच्या जुन्या जोडीदाराला, डर्क नोवित्स्कीला. हे दोघे १९९८मध्ये एकाच दिवशी डॅलसचे झाले होते आणि पहिल्या वर्षी दोघांचाही खेळ रडतखडत चालला होता. नोवित्स्कीची त्या हंगामातली सरासरी ८.२ गुणांची. ती आज कुणाला आठवतही नाही, कारण त्यानं पुढे एकाच संघात एकवीस हंगाम खेळून ३१,५६० गुण केले आणि २०११मध्ये विजेतेपद घेतलं. पुतण्याची रिंग इथे काम करते. नोवित्स्कीचं पहिलं वर्ष तिनं पुसून टाकलं आणि नॅशची पहिली चार ठळक केली.

याच्याही पुढे जाऊन सांगतो. शेवट चांगला झाला की हळू सुरुवात गोष्टीचा दागिना होते. कोबी ब्रायंटचंच बघा. तोही १९९६च्याच ड्राफ्टचा, तेरावा, नॅशच्या दोन जागा आधी. शाळेतून थेट आलेला अठरा वर्षांचा पोर. लॉस एंजेलिस लेकर्समध्ये त्याच्या जागेवर एडी जोन्स होता. पहिल्या हंगामात ७.६ गुण, दुसऱ्यात १५.४, आणि तेही बहुतेक सगळे बाकावरून उठून. मे १९९७मध्ये युटा जॅझविरुद्धच्या बाद फेरीतल्या शेवटच्या सामन्यात, नियमित वेळ संपताना आणि जादा वेळेत मिळून त्याचे चार चेंडू टोपलीच्या कड्याला शिवलेसुद्धा नाहीत. हवेतून गेले आणि हवेतूनच खाली आले. आज हा प्रसंग सांगणारे त्याची जिद्द दाखवण्यासाठी सांगतात. पाच विजेतेपदं आणि ३३,६४३ गुण पदरात नसते, तर याच चार चेंडूंना काय म्हटलं असतं, ते सांगायला नको.

कोबीच्या बेरजेत पहिल्या दोन वर्षांचं भोक किती मोठं आहे, हे पाहायचं असेल तर शेजारी लेब्रॉन जेम्स ठेवा. तोही शाळेतून थेट, तोही अठराव्या वर्षी. पण क्लीव्हलंडचा संघ इतका पडलेला होता की पहिल्या दिवसापासून फुलीभोवती वर्तुळ. पहिल्या दोन हंगामांत लेब्रॉनचे गुण कोबीच्या दुपटीहून जास्त, फरक दोन हजारांवर. दोन हजार म्हणजे एखाद्या चांगल्या खेळाडूचा पूर्ण हंगाम. यात कोबीचा दोष मला दिसत नाही. शकील ओ'नील असलेल्या, जिंकायला निघालेल्या लेकर्समध्ये अठरा वर्षांच्या पोराला रांगेत उभं राहावं लागलं. लेब्रॉनच्या पुढे रांगच नव्हती.

म्हणून 'हळू सुरुवात' हा शब्दच मला फसवा वाटतो. तो खेळाडूच्या पायांबद्दल बोलल्यासारखा वाटतो. पुष्कळदा तो समोरच्या खुर्चीबद्दल बोलत असतो. यानिस आंतेतोकुम्पोला मिलवॉकी बक्सनं २०१३मध्ये पंधराव्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे नॅशच्याच क्रमांकावर. पहिल्या वर्षी ६.८ गुण. तरी त्याला रोज चोवीसेक मिनिटं मिळाली, कारण मिलवॉकीनं त्या हंगामात जिंकलेच मुळी पंधरा सामने. हरणाऱ्या संघात चुका करायला मुभा असते. तो शिकत गेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढला, २०१७मध्ये सर्वाधिक सुधारणेचा पुरस्कार मिळाला, २०१९ आणि २०२०मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२१च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामना पन्नास गुण करून जिंकून दिला. तो सामनाही फीनिक्सविरुद्धच. फीनिक्सचं नशीब हा वेगळा विषय आहे.

जॉन स्टॉकटन तुमच्या तक्त्यात वर आहे, आणि ते योग्यच. पण त्याचेही पहिले तीन हंगाम बरेचसे रिकी ग्रीनच्या मागे गेले. पहिल्या वर्षी असिस्ट ५.१. मग वर्तुळ मिळालं आणि चौथ्या हंगामात आकडा १३.८वर गेला. सलग नऊ वर्षं असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला. एकोणीस हंगामांत चुकवलेले सामने फक्त बावीस. १५,८०६ असिस्ट, दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आजही तीन हजारांहून जास्त मागे. एवढं पाणी वाहून गेल्यावर पहिल्या तीन वर्षांचा गाळ कुठे दिसणार? नॅशही खेळला अठरा हंगाम आणि सदतिसाव्या वर्षीही लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट त्याचेच होते. पण शेवटी पाठीनं आणि पायातल्या नसांनी त्याला थांबवलं. १०,३३५ ही काही गाळ झाकायला कमी बेरीज नव्हे. तरी सरासरी लावणाऱ्याला तो दिसतोच.

एक उदाहरण उलट्या बाजूचं देतो, नाहीतर मी फक्त रडगाणं गातोय असं वाटेल. स्टेफ करीची सुरुवात गुणांच्या हिशोबानं हळू नव्हती, पहिल्याच वर्षी १७.५. पण घोटा वारंवार दगा देई. २०११-१२मध्ये तो फक्त २६ सामने खेळू शकला. त्या घोट्याच्या भीतीपोटी गोल्डन स्टेट वॉरियर्सशी त्याचा पुढचा करार चार वर्षांना ४.४ कोटी डॉलरवर ठरला. दोन-तीन वर्षांतच तो करार हास्यास्पद स्वस्त वाटायला लागला. २०१५-१६मध्ये, ज्या वर्षी त्यानं ४०२ त्रिगुणी फेकी मारल्या आणि एकमतानं सर्वोत्तम ठरणारा तो लीगमधला पहिला खेळाडू झाला, त्या वर्षी त्याच्याच संघातल्या चौघांचा पगार त्याच्यापेक्षा जास्त होता. एनबीएत संघाच्या पगाराला मर्यादा असते. एका ताऱ्यावरचे वाचलेले पैसे दुसऱ्या चांगल्या खेळाडूंवर जातात. २०१६च्या उन्हाळ्यात केविन ड्युरँट आला, त्याला कारणं बरीच होती, त्यात लीगची पगारमर्यादा एकदम वाढली हे मोठं. पण करीचा करार पुऱ्या किमतीचा असता, तर ते जुळवताना नाकी नऊ आले असते. म्हणजे ज्या दुखऱ्या घोट्यानं करीचा जवळपास एक हंगाम खाल्ला, त्याच घोट्यानं त्याच्या पुढच्या विजेतेपदांना थोडाफार हातभार लावला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला खरंच सुचलेलं नाही.

आणि एक असा, ज्याला फेड करायला वेळच मिळाला नाही. ड्राझेन पेत्रोविच. युरोपातल्या १९८९च्या एका चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदकडून ६२ गुण करून तो त्याच वर्षी एनबीएतल्या पोर्टलंडला आला. तिथे क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर. सामन्यामागे बारा-तेरा मिनिटं, ७.६ गुण. दुसऱ्या वर्षी डॅनी एन्ज संघात आला आणि ही मिनिटंही आटली. (हाच एन्ज पुढे प्रशिक्षक म्हणून फीनिक्समध्ये होता, नॅश बाकावर असताना. याचा काही अर्थ लावू नये, मला फक्त नोंद करायची खोड आहे.) पेत्रोविच गप्प बसणारा नव्हता. खेळायला मिळत नाही हे तो उघड बोलला, आणि जानेवारी १९९१मध्ये न्यू जर्सी नेट्सकडे गेला. तिथे सगळं बदललं. १९९१-९२मध्ये २०.६, पुढच्या हंगामात २२.३ आणि लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात नाव. ७ जून १९९३ला जर्मनीत मोटार अपघातात तो गेला, वय अठ्ठावीस. नॅशला पहिल्यांदा ऑल-स्टारमध्ये घेतलं ते याच वयात. पेत्रोविचची एनबीए सरासरी १५.४ अशी कायमची गोठली आहे. नुसते नेट्सचे सामने धरले तर ती साडेएकोणीसच्या आसपास येते. पोर्टलंडच्या बाकावरची दीड वर्षं त्याच्या एकूण चार हंगामांत विरघळायला पाणीच नव्हतं.

आपल्या लेखकांचा मला राग नाही. रविवारच्या पानात जागा किती असते, हे मला कळतं. पण पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा एक विनंती आहे. सरासरीच्या शेजारी आणखी एक रकाना टाका, आणि त्यात एवढंच लिहा की हा खेळाडू सुरुवातीच्या पाचांत नियमितपणे आणि खंड न पडता कोणत्या हंगामापासून उतरू लागला, आणि तेव्हा त्याचं वय काय होतं. नॅशपुढे २०००-०१ आणि २६ येईल. लेब्रॉनपुढे २००३-०४ आणि १८. रॉबिन्सनपुढे १९८९-९० आणि २४. पुढचं वाचक आपापलं बघून घेतील.

रकान्याला जागा पुरत नसेल, तर जर्सी क्रमांकाचा काढून टाका. गेल्या रविवारी आपण तो छापला होता, आणि स्टॉकटन बारा नंबर घालायचा हे वाचून मला त्याच्याबद्दल नवीन काही कळलं नाही.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर